डिटेक्टिव्हची नोकरी केलेल्या माणसानं डिटेक्टिव्ह कादंबरी बदलून टाकली, आणि नावं सांगितली नाहीत म्हणून जेलमध्ये गेला

२५ नोव्हेंबर २०१३. न्यूयॉर्कमध्ये एका काळ्या पक्ष्याचा लिलाव होता. पक्षी म्हणजे ससाण्याचा पुतळा. उंची साधारण फूटभर, वजन वीस किलोच्या आसपास आणि धातू कुठला, तर शिसं. सोनं नाही, चांदी नाही, हिरे-माणकं तर नाहीतच. तरीही बोली ४० लाख डॉलर्सच्या पुढं गेली. त्या वेळच्या हिशोबानं आपले २५ कोटी रुपये.

एवढं काय होतं त्यात? तर १९४१ साली आलेल्या 'द माल्टीज फाल्कन' या सिनेमात हा पुतळा वापरला होता. गंमत म्हणजे सिनेमाच्या गोष्टीतसुद्धा हा पुतळा नकलीच निघतो. त्याच्या मागं पळताना माणसं मरतात, एकमेकांचे गळे कापायला उठतात आणि शेवटी हातात काय येतं, तर शिसं.

ही गोष्ट ज्याच्या डोक्यातनं आली तो माणूस म्हणजे डॅशियल हॅमेट. त्यानं आयुष्यात पाचच कादंबऱ्या लिहिल्या. पाचही १९२९ ते १९३४ या काळातल्या. त्यानंतर तो २७ वर्षं जगला, पण सहावी कादंबरी काही आली नाही. तरी आज प्रायव्हेट डिटेक्टिव्ह म्हणलं की डोक्यावर हॅट, ओठात सिगारेट, टेबलाच्या खणात दारूची बाटली आणि कुणावरच विश्वास न ठेवणारा जो माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो, त्यात सगळ्यात मोठा वाटा या पाच पुस्तकांचा आहे.

आणि हे सगळं त्यानं कल्पनेनं रंगवलं नव्हतं. गडी स्वतः डिटेक्टिव्ह होता.

सॅम्युअल डॅशियल हॅमेटचा जन्म २७ मे १८९४ चा, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातला. डॅशियल हे त्याच्या आईच्या माहेरचं आडनाव. घरची परिस्थिती यथातथाच. वडिलांचे उद्योग कधी धड चालले नाहीत. पोराला चौदाव्या वर्षाच्या आसपास शाळा सोडावी लागली. मग रेल्वेच्या ऑफिसात निरोप्या म्हणून काम केलं, इकडं तिकडं मिळेल ते केलं. कुठंच टिकला नाही.

१९१५ साली बाल्टिमोरमध्ये तो पिंकर्टन नॅशनल डिटेक्टिव्ह एजन्सीत लागला आणि तिथं मात्र रमला.

पिंकर्टन हे प्रकरण जरा समजून घ्यायला लागतं. त्या काळात अमेरिकेत आजच्यासारखी एफबीआय नव्हती. बँका, रेल्वे कंपन्या, खाणमालक यांना चोर पकडायचे असले, कामगारांत आपली माणसं घुसवायची असली की ते पिंकर्टनला पैसे मोजायचे. एजन्सीचं बोधचिन्ह होतं एक उघडा डोळा. खासगी डिटेक्टिव्हला इंग्रजीत प्रायव्हेट आय म्हणतात, त्याचं मूळ बरेच जण या डोळ्यातच शोधतात.

हॅमेट सहा फुटांपेक्षा उंच आणि काठीसारखा बारीक. असा माणूस गर्दीत उठून दिसणार असं कुणालाही वाटेल. पण पाठलाग करण्यात तो पटाईत होता. पुढं त्यानं या नोकरीतले किस्से एका मासिकात लिहिले, त्यातला एक भारी आहे. तो एका माणसाच्या मागावर होता. तो माणूस फिरत फिरत गावाबाहेर गेला आणि रस्ताच चुकला. शेवटी त्याला शहराकडं परत जायचा रस्ता कुणी सांगितला, तर पाठलाग करणाऱ्या हॅमेटनंच. चक्क आकाशपाळणा चोरणाऱ्या एका माणसाचा उल्लेखही त्यानं करून ठेवलाय.

हे किस्से नुसते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. गुन्हेगार हुशार नसतात, डिटेक्टिव्हही काही जादूगार नसतात, बोटांचे ठसे वगैरे क्वचितच कामाला येतात आणि केस सुटते ती बहुतेक वेळा कुणीतरी मूर्खपणा केल्यामुळं किंवा कुणीतरी कुणालातरी विकल्यामुळं, हे त्याला या नोकरीतनं कळलं. तेव्हाच्या डिटेक्टिव्ह कथांमध्ये यातलं काहीच नव्हतं.

या नोकरीची दुसरी बाजू मात्र काळी होती. पिंकर्टनची माणसं संप मोडायला वापरली जायची. १९१७ च्या ऑगस्टमध्ये माँटाना राज्यातल्या ब्यूट इथं फ्रँक लिटल नावाच्या कामगार पुढाऱ्याला जमावानं रात्री खोलीतनं उचलून नेलं आणि फासावर लटकवलं. तांब्याच्या खाणींचा तो भाग, संप चालू होता. लिटलला मारण्यासाठी आपल्याला ५००० डॉलर्स देऊ केले होते, असं हॅमेट सांगायचा. ही गोष्ट लिहून ठेवली त्याची मैत्रीण, नाटककार लिलियन हेलमन हिनं. त्याच्या चरित्रकारांपैकी काही जण यावर शंका घेतात. खरं-खोटं काहीही असो, माँटानाच्या या खाणींवरनं त्यानं पुढं आपली पहिली कादंबरी उभी केली आणि खाणमालक हे त्याच्या लिखाणात कधीच सज्जन म्हणून आले नाहीत.

१९१८ साली तो सैन्यात भरती झाला. पहिलं महायुद्ध चालू होतं, पण हा अमेरिकेबाहेर गेलाच नाही. छावणीतच त्याला स्पॅनिश फ्लू झाला आणि त्यापाठोपाठ टीबी. वय होतं २४. टीबीवरची औषधं यायला अजून पंचवीसेक वर्षं होती. सैन्यातनं सुट्टी मिळाली, थोडंफार पेन्शन मिळालं आणि हे दुखणं त्याच्याबरोबर राहिलं.

तो परत पिंकर्टनमध्ये गेला. परत आजारी पडला. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरातल्या हॉस्पिटलात त्याला जोसेफिन डोलन नावाची नर्स भेटली. १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोघांचं लग्न झालं. त्याच वर्षी मुलगी झाली. पण रात्री-अपरात्री थंडीत कोपऱ्याकोपऱ्यावर उभं राहायची नोकरी टीबीच्या पेशंटला झेपणार कशी? १९२२ उजाडेपर्यंत ती सुटली.

आता करायचं काय? शिक्षण नाही, अंगात ताकद नाही, घरात बाळ. घरबसल्या करता येईल असं एकच काम त्याला सुचलं. लिहिणं.

१९२२ मध्ये त्याचं पहिलं लिखाण छापून आलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी तो 'ब्लॅक मास्क' या मासिकात पोहोचला. ब्लॅक मास्क म्हणजे पल्प मासिक. स्वस्त, खरबरीत कागद, भडक मुखपृष्ठ, शब्दाच्या हिशोबानं मानधन. शिकल्या-सवरलेल्या लोकांनी घरात लपवून वाचावं असलं. ऑक्टोबर १९२३ मध्ये इथंच त्याचा कॉन्टिनेंटल ऑप जन्माला आला. बुटका, जाडा, चाळिशीतला डिटेक्टिव्ह. त्याला नावच नाही. तो फक्त ड्युटी करतो, बॉसला रिपोर्ट देतो आणि पुढच्या केसला लागतो.

यालाच पुढं हार्डबॉइल्ड म्हणायला लागले. शब्द आला अंड्यावरनं. जास्त उकडल्यामुळं आतनं घट्ट झालेलं अंडं, तशी भावना न दाखवणारी माणसं. शेरलॉक होम्सच्या कथेत एक कोडं असतं, ते सुटलं की जग परत ठिकाणावर येतं. हार्डबॉइल्ड कथेत जग मुळातच बिघडलेलं असतं. पोलीस विकले गेलेले, महापौर गुंडांच्या खिशात, श्रीमंत अशिलाच्या पोटात वेगळंच काहीतरी. एक खुनी पकडला म्हणून शहर सुधारत नाही. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. शहरांचा कारभार दारूच्या पैशावर चालत होता. वाचकाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नव्हती, तो रोजच्या पेपरात तेच वाचत होता.

लिहून घर चालेना म्हणून १९२६ मध्ये हॅमेटनं सॅन फ्रान्सिस्कोतल्या अल्बर्ट सॅम्युअल्स यांच्या दागिन्यांच्या दुकानात जाहिराती लिहायची नोकरी धरली. काही महिन्यांतच ऑफिसात रक्ताची उलटी होऊन तो कोसळला. त्याच वर्षी दुसरी मुलगी झाली होती. टीबी मुलींना होईल म्हणून आरोग्य खात्याच्या लोकांनी त्याला घरापासनं वेगळं राहायला सांगितलं. संसार तुटायला सुरुवात झाली ती इथं. भांडण नाही, काही नाही, एका जंतूमुळं.

मग ८९१ पोस्ट स्ट्रीट या पत्त्यावरच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये तो एकटा राहायला लागला. ब्लॅक मास्कला जोसेफ शॉ नावाचा नवीन संपादक आला होता, त्यानं याला मोठं लिहायला लावलं. फेब्रुवारी १९२९ मध्ये 'रेड हार्वेस्ट' आली, जुलैमध्ये 'द डेन कर्स'. दुसरी त्यानं आपल्या जुन्या मालकाला, सॅम्युअल्सना अर्पण केली. आणि सप्टेंबर १९२९ पासनं ब्लॅक मास्कमध्ये 'द माल्टीज फाल्कन' क्रमशः यायला लागली. पुस्तक आलं १४ फेब्रुवारी १९३० ला. व्हॅलेंटाइन डेला. पुस्तकाचा शेवट माहिती असेल तर ही तारीख फारच खवचट वाटते.

माल्टीज फाल्कनमध्ये असं काय आहे?

सॅम स्पेड हा सॅन फ्रान्सिस्कोतला प्रायव्हेट डिटेक्टिव्ह. ऑफिसात एक देखणी बाई येते, खोटं नाव सांगते, खोटी कहाणी सांगते. स्पेडचा पार्टनर माइल्स आर्चर तिच्या कामाला जातो आणि त्याच रात्री मारला जातो. मग एक एक जण उगवायला लागतो. अत्तर लावलेला जोएल कैरो, भरपूर बोलणारा आणि भरपूर सुटलेला कॅस्पर गटमन, त्याचा बंदूकवाला पोरगा विल्मर. सगळ्यांना हवा आहे एक सोन्याचा, रत्नं जडवलेला ससाणा.

ससाण्यामागचा इतिहास अगदीच हवेतला नाही. १५३० साली सम्राट पाचव्या चार्ल्सनं माल्टा बेट एका ख्रिस्ती योद्ध्यांच्या पंथाला दिलं आणि त्याचं भाडं ठरलं वर्षाला एक ससाणा. खराखुरा, जिवंत. हॅमेटनं काय केलं, तर त्या जिवंत पक्ष्याच्या जागी सोन्याचा बसवला.

पात्रंही त्यानं नोकरीतनंच उचलली. गटमन कुणावरनं घेतला, तर जर्मन हेर असल्याच्या संशयावरनं ज्याच्यावर त्यानं पाळत ठेवली होती त्या माणसावरनं. कैरो कुणावरनं, तर १९२० मध्ये पकडलेल्या एका बनावट सह्या करणाऱ्यावरनं. सॅम स्पेड मात्र कुणावरनंच घेतलेला नाही, असं त्यानं १९३४ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलंय. ज्या डिटेक्टिव्हांबरोबर त्यानं काम केलं, त्यांना आपण कसे असायला हवे होतो असं वाटायचं, तो स्पेड. नाव तेवढं स्वतःचं दिलं. सॅम. लेखक झाल्यावर त्यानं स्वतः वापरायचं सोडून दिलेलं नाव.

आता खरी करामत. अख्ख्या कादंबरीत स्पेडच्या मनात काय चाललंय हे एकदाही सांगितलेलं नाही. तो सिगारेट कशी वळतो हे तपशिलात येतं. त्याचे डोळे कसे बारीक झाले ते येतं. पार्टनर मेल्याचा फोन येतो तेव्हा हॅमेट आपल्याला अंधारी खोली, फोनची घंटा आणि एक हात एवढंच दाखवतो. वाईट वाटलं, राग आला, आनंद झाला, एक शब्द नाही. म्हणजे वाचक स्पेडच्या मागं तसाच जातो जसा पिंकर्टनचा माणूस एखाद्याच्या मागं जायचा. बाहेरनं बघायचं आणि अंदाज बांधायचा. तो पैशासाठी सामील झालाय का? त्या बाईवर त्याचं प्रेम आहे का? शेवटची पानं येईपर्यंत खात्री देता येत नाही. पुस्तकाला जवळपास शंभर वर्षं झाली तरी लोक ते परत परत वाचतात ते यासाठी. खुनी कोण हे कळल्यावरही स्पेड कोण हा प्रश्न तसाच राहतो.

शेवटी तो त्या बाईला, ब्रिजिडला, पोलिसांच्या हवाली करतो. तिनंच आर्चरला मारलेलं असतं. आर्चर त्याला आवडायचाही नाही, उलट त्याच्याच बायकोबरोबर स्पेडचं लफडं होतं. ब्रिजिडवर कदाचित त्याचं प्रेम असावं. तरी तो तिला सोडत नाही. पार्टनर मेला की काहीतरी करायचं असतं, आणि कुणाच्याही हातचं खेळणं व्हायचं नसतं, एवढाच त्याचा हिशोब. हा प्रामाणिकपणा आहे की कोरडेपणा? कादंबरीत त्याची सेक्रेटरी एफी, जी त्याला सगळ्यात जास्त मानते, तीच शेवटी त्याच्यापासनं लांब सरकते. हॅमेट आपल्या हिरोला टाळ्या मिळवून देत नाही. बऱ्याच नकला करणाऱ्यांना नेमकं हेच जमलं नाही. त्यांनी हॅट आणि पिस्तूल तेवढं उचललं.

कादंबरीच्या मध्यात एक लहानशी गोष्ट येते, जिचा कथानकाशी काही संबंध नाही. फ्लिटक्राफ्ट नावाचा टॅकोमाचा सुखवस्तू माणूस रस्त्यानं चाललेला असताना बांधकामावरनं एक तुळई त्याच्या शेजारी पडते. थोडक्यात वाचतो. आयुष्य असं कधीही संपू शकतं हे कळल्यावर तो तडक बायको-मुलांना सोडून निघून जातो. आणि काही वर्षांनी सापडतो तेव्हा स्पोकेन शहरात नवी बायको, नवं मूल, तसाच धंदा, तसाच संसार. तुळया पडत होत्या तोपर्यंत तो तसा जगला, तुळया पडायच्या थांबल्या तसा परत जुन्यासारखा झाला. हॅमेटवर पोस्ट डॉलर्समध्ये नव्हे, रक्ताच्या गुळण्यांत तुळई पडली होती. माल्टीज फाल्कन त्यानं बायकोला, जोसेफिनला अर्पण केली. पण पुस्तक छापून यायच्या आधीच, १९२९ च्या शरद ऋतूत, तो न्यूयॉर्कला निघून गेला होता.

पुस्तक गाजलं. वॉर्नर ब्रदर्सनं ८५०० डॉलर्स देऊन हक्क घेतले. १९३१ मध्ये पहिला सिनेमा आला, १९३६ मध्ये दुसरा, दोन्ही आज फारसे कुणाला आठवत नाहीत. तिसरा १९४१ चा, जॉन ह्यूस्टननं दिग्दर्शित केलेला पहिलाच सिनेमा, स्पेडच्या भूमिकेत हम्फ्री बोगार्ट. फिल्म न्वारची सुरुवात सांगताना याच सिनेमाचं नाव घेतात. ह्यूस्टननं शहाणपणा केला तो एवढाच, की कादंबरीला फारसा हात लावला नाही.

१९४४ मध्ये रेमंड चँडलरनं एका लेखात हॅमेटचं ऋण मान्य केलं. हॅमेटनं खून हा प्रकार दिवाणखान्यातनं काढून ज्यांना खून करायला खरं कारण असतं अशा माणसांच्या हातात परत दिला, असं त्याचं म्हणणं होतं. चँडलर स्वतः तोवर फिलिप मार्लो घेऊन मोठा झाला होता, त्यामुळं या शब्दाला वजन होतं.

पण तोपर्यंत हॅमेटचं लिहिणं थांबूनही दहा वर्षं झाली होती.

१९३० च्या शेवटी हॉलीवूडमध्ये त्याला लिलियन हेलमन भेटली. ती तेव्हा २५ वर्षांची, कुणाला माहिती नसलेली. हा ३६ वर्षांचा, प्रसिद्ध, देखणा आणि सतत प्यायलेला. दोघांचं नातं तुटत-जुळत त्याच्या मरणापर्यंत, तीस वर्षं चाललं. 'द ग्लास की' १९३१ मध्ये आली. 'द थिन मॅन' १९३४ मध्ये. थिन मॅनमधलं नवरा-बायकोचं डिटेक्टिव्ह जोडपं लोकांनी डोक्यावर घेतलं, त्यावर सहा सिनेमे निघाले. त्याच वर्षी हेलमनचं 'द चिल्ड्रन्स अवर' हे नाटक ब्रॉडवेवर गाजलं. स्कॉटलंडमधल्या एका जुन्या खटल्यावर नाटक लिही, असं तिला सुचवलं होतं हॅमेटनंच. तिची पानंच्या पानं तो फाडायला लावायचा. ती लिहीत गेली, हा थांबला.

का थांबला? दारू होती, जुगार होता, हॉलीवूडचा फुकट वाटावा असा पैसा होता. पण बऱ्याच वर्षांनी एका मुलाखतीत त्यानं कारण सांगितलं ते वेगळंच. आपण तेच तेच परत लिहितोय असं लक्षात आलं, म्हणून थांबलो. त्याला गुन्ह्याच्या पलीकडं काहीतरी मोठं लिहायचं होतं. ते जमलं नाही. 'ट्यूलिप' नावाची एक कादंबरी सुरू केली होती, ती अर्धवटच राहिली.

१९३० च्या दशकात तो डावीकडं वळला आणि कम्युनिस्ट पक्षात गेला. पिंकर्टनमध्ये संप मोडणाऱ्यांच्या बाजूनं उभा राहिलेला माणूस आता कामगारांच्या बाजूला आला होता. पण देशावरचं प्रेम काही कमी झालं नव्हतं. १९४२ मध्ये, वय ४८, फुफ्फुसं खराब, तरी तो सैन्यात भरती व्हायला गेला. दात वाईट म्हणून नकार मिळाला, तर दात काढून आला. साधा शिपाई म्हणून घेतला. पाठवला अलास्काच्या टोकाला, अ‍ॅडॅक बेटावर. तिथं त्यानं सैनिकांसाठी 'द अ‍ॅडॅकियन' हे रोजचं वर्तमानपत्र चालवलं. अमेरिकेच्या सैन्यात तेव्हा काळे आणि गोरे वेगळे ठेवले जायचे, याच्या ऑफिसात दोघं एकत्र काम करायचे.

आणि मग आलं १९५१

युद्धानंतर अमेरिकेत कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. पक्षाच्या ११ पुढाऱ्यांना सरकार उलथवण्याच्या कटाखाली शिक्षा झाली. अपील चालू असेपर्यंत त्यांना जामिनावर सोडलं होतं आणि जामिनाचे पैसे आले होते सिव्हिल राइट्स काँग्रेस या संघटनेच्या निधीतनं. त्या निधीच्या समितीचा अध्यक्ष होता डॅशियल हॅमेट. जून १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षा कायम केली आणि ११ पैकी चार जण हजर व्हायच्या ऐवजी पळून गेले.

सरकारला संशय असा, की निधीला पैसे देणाऱ्यांपैकीच कुणीतरी त्यांना लपवलं असेल. ९ जुलैला हॅमेटला न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात उभं केलं. पैसे कुणी दिले, नावं सांगा. त्यानं नकार दिला. समितीच्या कागदांवरची सही तुमचीच का? त्याचंही उत्तर नाही. कोर्टाच्या अवमानाखाली सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्याबरोबर समितीतले आणखीही काही जण आत गेले.

हेलमननं नंतर लिहिलं, की त्याला देणगीदारांची नावं माहितीच नव्हती. मला माहिती नाही एवढं जरी म्हणला असता तरी सुटण्याची शक्यता होती. पण ज्या माणसानं पैसे घेऊन दुसऱ्याची माहिती काढायची नोकरी केली होती, त्याला माहिती द्यायचीच नाही असं एकदा ठरवल्यावर खोटी पळवाटही नको होती. केंटकी राज्यातल्या अ‍ॅशलंडच्या जेलात त्याला संडास-बाथरूम धुवायचं काम मिळालं. ५७ वर्षांचा, टीबीनं पोखरलेला, अमेरिकेतल्या सगळ्यात प्रसिद्ध लेखकांपैकी एक. चांगल्या वागणुकीमुळं पाच महिन्यांनी सुटला.

बाहेर आला तेव्हा काही शिल्लक नव्हतं. सॅम स्पेडचा रेडिओ कार्यक्रम बंद. इन्कम टॅक्सची थकबाकी एक लाख डॉलर्सच्या वर, त्यामुळं पुस्तकांचं जे काही मानधन येईल ते सरकारजमा. पुस्तकंही मिळेनाशी झाली.

एकच बातमी त्यातल्या त्यात बरी आली. स्पेडला रेडिओवर आणल्याबद्दल वॉर्नर ब्रदर्सनं केस केली होती. ८५०० डॉलर्समध्ये कादंबरी घेतली म्हणजे सॅम स्पेडही आमचाच, असं त्यांचं म्हणणं. १९५४ मध्ये कोर्टानं निकाल दिला, की गोष्ट विकली म्हणून पात्र विकलं जात नाही, लेखक ते पुढं वापरू शकतो. अमेरिकेत कॉपीराइटचा कायदा शिकणाऱ्यांना ही केस आजही वाचायला लागते. ज्याला लिहिताच येत नव्हतं, त्याला कोर्टानं लिहायचा हक्क दिला होता.

त्याआधी, मार्च १९५३ मध्ये, सिनेटर जोसेफ मॅकार्थीनं त्याला समितीपुढं बोलावलं. विषय होता परदेशातल्या अमेरिकन सरकारी ग्रंथालयांत ठेवलेली हॅमेटची पुस्तकं. कम्युनिझमशी लढायचं असेल तर तुम्ही स्वतः अशी पुस्तकं विकत घेतली असती का, असं मॅकार्थीनं विचारलं. त्यावर हॅमेटचं उत्तर होतं, की मी कम्युनिझमशी लढत असतो तर लोकांना कुठलीच पुस्तकं दिली नसती. पुस्तकं ग्रंथालयांतनं काढली गेली. पण आपण हॅमेटची पुस्तकं काढली नसती असं खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर म्हणाले आणि ती परत कपाटात गेली.

शेवटची वर्षं त्यानं न्यूयॉर्कजवळच्या कॅटोना गावी, ओळखीच्यांनी दिलेल्या एका छोट्या घरात काढली. १९५५ मध्ये हार्ट अटॅक आला. १९५८ पासनं हेलमननं त्याला आपल्याकडं नेलं. १० जानेवारी १९६१ ला फुफ्फुसाच्या कॅन्सरनं तो गेला. दोन्ही महायुद्धांत गणवेश घातलेला सैनिक म्हणून त्याला वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली. ज्या सरकारनं जेलमध्ये टाकलं, त्याच सरकारच्या जमिनीत.

त्यानंतर काहीच महिन्यांत जपानमध्ये अकिरा कुरोसावाचा 'योजिंबो' आला. दोन टोळ्यांना आपापसात लढवणारा एकटा सामुराई. 'रेड हार्वेस्ट'शी त्याचं साम्य वाचणाऱ्याला लगेच दिसतं, कुरोसावानं स्वतः मात्र 'द ग्लास की'च्या सिनेमाचं नाव घेतलं. योजिंबोवरनं क्लिंट ईस्टवुडचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' निघाला. हॅमेटला यातलं काही बघायला मिळालं नाही.

टॅक्सच्या थकबाकीपोटी त्याच्या सगळ्या लिखाणाचे हक्क लिलावात निघाले. हेलमननं एका मित्राबरोबर ते ५००० डॉलर्समध्ये घेतले आणि मुलींच्या हातात बराच काळ काही राहिलं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत आज त्याच्या नावाची एक गल्ली आहे. तिच्यापासनं लांब नाही, बर्रिट स्ट्रीटच्या तोंडाशी, भिंतीवर एक पितळी पाटी लावलेली आहे. सॅम स्पेडचा पार्टनर साधारण याच जागी मारला गेला, असं तिच्यावर लिहिलंय. कुणी मारलं तेही लिहिलंय. पुस्तक वाचायचं राहिलं असेल तर त्या गल्लीतनं जाताना मान खाली घालून जावं.